अर्थिंगला पाणी घालणारे काका

काका रोज एका बादलीत आंघोळ करायचे. त्यातली अर्धी बादली स्वतःला आणि अर्धी जमिनीला.

लातुरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की लोक कामाला दांडी मारून घरी थांबतात आणि घागरीपासून चहाच्या पातेल्यापर्यंत जे रिकामं दिसेल ते भरून ठेवतात. अशा गावात सत्तरीचा एक माणूस ओला पंचा गुंडाळून अंगणात उभा आहे आणि जिथे झाड नाही, वेल नाही, साधी तुळसही नाही अशा जागी अर्धी बादली पाणी ओततो आहे, हे मी खोली बघायला गेलो त्याच दिवशी पाहिलं. म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय असं मला वाटलं. पण वरची खोली हवेशीर होती, जिना वेगळा होता आणि काकूंनी विचारायच्या आत चहा टाकला होता. मी खोली घेतली.

काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. नायगाव, देगलूर, इस्लापूर अशी गावं फिरत फिरत रिटायर झाले. घरात वाट चुकलेली वीज कुणाला न चावता मुकाट जमिनीत जावी म्हणून अंगणात खड्डा खणतात, त्यात मीठ-कोळसा घालून तार पुरतात आणि त्याला अर्थिंग म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण ती माती ओली राहिली तरच वीज तिकडं जाते आणि म्हणून उन्हाळ्यात एक्स्चेंजच्या खड्ड्याला रोज पाणी घालावं लागतं, हे मला काकांकडून कळलं. नोकरीभर त्यांनी ते केलं. नोकरी संपली, पुढं एक्स्चेंजही बंद पडलं, तरी त्यांचा हात काही थांबला नाही.

"मी ड्रमात तांब्या बुडवताना धा बार इचार करती," काकू मला ऐकवायच्या, म्हणजे खरं तर त्यांना ऐकवायच्या, "आन् हे मातीला न्हाऊ घालून राहिले. पोटच्या लेकरांला कवा एवढं न्हाऊ घातलं न्हाई."

"लेकरं कोरडी राहिली म्हून कुणाला शॉक बसत न्हाई," काका शांतपणे म्हणायचे आणि पंचा पिळायचे. पिळलेलं पाणीसुद्धा तिथंच.

मध्यंतरी त्यांच्या पुण्याच्या मुलानं अंगणात फरशी बसवून दिली. काकांनी गवंड्याच्या मागं लागून खड्ड्याच्या जागी फरशीला भोक पाडून घेतलं आणि त्यात एक पितळी नरसाळं बसवलं. रोज सकाळी ओल्या अंगानं नरसाळ्यात पाणी ओतायचं आणि ते पूर्ण मुरेपर्यंत तिथंच उभं राहायचं. गल्लीत नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं हे गच्चीवरून दोन-चार दिवस पाहिलं आणि एका शुक्रवारी ती नरसाळ्याला हळदकुंकू वाहून गेली. मग तिचं बघून दुसरी आली. श्रावणात कुणीतरी नारळ ठेवला, तो काकूंनी चटणीला घेतला.

"काका, सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"कामून सांगू? आता तिथं कुणी मोटारसायकल लावत न्हाई."

त्यांच्या शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं टेस्टर असायचा. आणि घरात असले की गळ्यात लाइनमनचा जुना काळा हँडसेट, दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला चिमटे. पूर्वी हे लोक खांबावर चढून तारांना ते चिमटे लावायचे आणि हँडसेट कानाला लावून लाइन ऐकायचे. आता ऐकायला लाइनच राहिली नव्हती, तरी तो गळ्यात असायचा. कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत, वीज झिरपते का म्हणून, हाताची मागची बाजू फ्रिजला, कूलरला, मिक्सरला लावून बघायची. मिठाई पुढं आली तरी "आदी कूलर बंद करा, हाताला मुंग्या येऊन राहिल्यात," हेच तोंडात. बरेच लोक त्यांना बोलवायचं टाळत.

मोबाइलवर बोलण्याची त्यांची रीत वेगळी होती. 'हॅलो' नाही, 'नमस्कार' नाही. थेट "येतोय का आवाज?" आणि बोलणं संपलं की "लाइन सोडतो." मी आता नांदेडला असतो. अजूनही त्यांचा फोन येतो तेव्हा तब्येत, बायको, पाऊसपाणी हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, माझा आवाज त्यांना साफ येतोय तसा त्यांचा मला येतोय का.

नायगावला काकूंच्या नात्यातलं एक लग्न होतं, तिथं मीही गेलो होतो. मांडवात पाचशे माणसं अक्षता मुठीत धरून उभी होती, भटजींनी माइक हातात घेतला आणि मंगलाष्टकांच्या मागं सगळीकडून एक 'घूंऽऽ' सुरू झालं. कुणाचं लक्षही नव्हतं. माझ्या शेजारी उभे असलेले काका मात्र कुणी चिमटा काढावा तसे दचकले. मी हाताला धरेपर्यंत ते स्टेजमागं गेले होते. आवाज बंद पडला. मांडव गप्प झाला. डेकोरेशनवाल्याशी त्यांची हुज्जत चालल्याचं पडद्यामागून ऐकू येत होतं. भटजी घड्याळ बघत होते, मुलाचे मामा लालबुंद झाले होते. काही मिनिटांनी माइक पुन्हा लागला, आणि खरंच, भटजींच्या आवाजामागं काही म्हणजे काही नव्हतं. मुहूर्त मात्र निघून गेला होता.

पंगतीत काकू त्यांच्यापासून चार पानं लांब जाऊन बसल्या. काका जिलबी खाता खाता मला म्हणाले, "मुहूर्ताचं काय, दुसरा निगतो. भुंग्यात लगीन लागलं असतं तर जल्मभर व्हिडिओत भुंगाच वाजला असता. इचारा त्या पोरीला, काय पायजे हुतं तिला."

भुंगा. हा त्यांचा शब्द. माझ्या आयुष्यात तो शिरला त्याची गोष्ट आता सांगतो.

मी एका कोचिंग क्लासमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवत होतो. ती बॅच बंद झाली आणि तिच्याबरोबर मीही. आवाज बरा आहे असं लोक म्हणायचे, तेवढ्या भांडवलावर मी पुण्याच्या एका कंपनीला अर्ज केला. त्यांना घरबसल्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी होती. क्लासनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर माझ्याकडं होता. माइक घेतला, माइक कॉम्प्युटरला जोडायचा एक छोटा डबा घेतला आणि दोन स्पीकर मित्राकडून आणले. चाकूरला वडिलांचं बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान आहे. त्यांनी साफ सांगितलं होतं, "ह्या उन्हाळ्यात तुजं ते वाचायचं काम लागलं तर ठीक. न्हाई तर पेरणीला गल्ल्यावर येऊन बसायचं. मंग पुन्यांदा इषय न्हाई काढायचा." मी हो म्हटलं होतं. गल्ल्यावर बसणं वाईट नाही, पण एकदा बसलो की उठणार नाही हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

मी दहा मिनिटांचा नमुना रेकॉर्ड करून पाठवला. उत्तर आलं: वाचन चांगलं आहे, मागे सतत गुणगुण ऐकू येते, पुन्हा पाठवावे.

मी स्पीकर मोठा करून ते पुन्हा ऐकत बसलो होतो. दार वाजलं. काका.

"मास्तर, तुमच्या घरात भुंगा हाय. जिन्यापस्तोर ऐकू येऊन राहिला."

त्यानंतर दीडेक महिना माझी खोली हे त्यांचं एक्स्चेंज झालं. त्यांच्या लेखी नकोसे आवाज तीनच. जाडा, सलग वाजतो तो भुंगा. बारीक, माउस हलवला की बदलतो तो रातकिडा. आणि मधूनच कुर्र, फट्ट करतो तो पापड. "भुंगा मातीचा, रातकिडा मशिनीचा आन् पापड माणसाचा," असं ते म्हणायचे. पापड माणसाचा का, तर कुणीतरी वायर ओढलेली असते, मुरगाळलेली असते, तिच्यावर खुर्ची ठेवलेली असते. माझ्या माइकच्या वायरीवर खरंच खुर्चीचा पाय होता. पापड पहिल्याच दिवशी गेला.

त्यांची कामाची पद्धत बघून माझा जीव टांगणीला लागायचा. आधी सगळ्या वायरी काढायच्या. मग एकच लावायची. मग हेडफोनच्या वायरीला हँडसेटचे चिमटे लावून, डोळे मिटून, पूर्ण एक कप चहा संपेपर्यंत ऐकायचं. मग दुसरी वायर. पुन्हा चहा. "एका टायमाला एकच," हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. मी दोन वायरी एकदम लावल्या की ते सगळं काढून पहिल्यापासून सुरू करायचे. काकू जिन्याखालून ओरडायच्या, "दूध संपलं म्हून सांगा तुमच्या एक्स्चेंजला!"

रातकिडा मोबाइलच्या चार्जरचा निघाला. चार्जर काढला, रातकिडा गेला. मग काकांनी कॉम्प्युटर एका बोर्डवर आणि स्पीकर समोरच्या भिंतीवरच्या बोर्डवर आहेत हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "एका घरात दोन चुली मांडल्या की भांडण व्हनारच. सगळ्यांला एका पंगतीत बसवा." सगळे एका बोर्डवर आणले. भुंगा अर्धा झाला. पण अर्धाच.

हा अर्धा भुंगा मात्र चमत्कारिक होता. कधी असायचा, कधी अजिबात नसायचा. काकांनी मला एक वही करायला लावली. रोज दुपारी दोन वाजता ऐकायचं आणि तारखेपुढं लिहायचं: मोठा, बारीक किंवा नाही. एका 'नाही'च्या दिवशी घाईघाईनं रेकॉर्डिंगला बसलो तर निम्म्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी राहिलेलं पूर्ण केलं, तोवर भुंगा परत आला होता. तसंच पाठवलं. उत्तर आलं: सुधारणा आहे, पण अर्ध्या भागात गुणगुण कायम आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत शेवटचा नमुना पाठवावा, त्यानंतर विचार करता येणार नाही.

तो सोमवार होता. वडिलांचा फोनही त्याच दिवशी आला, बियाणांची गाडी कधी उतरणार ते सांगायला.

मंगळवारी मी एक व्हिडिओ बघितला. त्यात एक हसरा माणूस सांगत होता की कॉम्प्युटरच्या तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाडी पिन काढून टाका, गुणगुण लगेच बंद. मी पक्कड घेतली आणि अर्थिंगची पिन मोडली. प्लग लावला. भुंगा गायब. असा गायब की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू यावं. मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि मे महिन्याच्या भर दुपारी घामानं निथळत दहा मिनिटं एका दमात वाचलं. इतकं चांगलं मी कधीच वाचलं नव्हतं. ऐकलं, स्वच्छ. आता फक्त पाठवायचं बटन दाबायचं होतं.

तेवढ्यात काकू भांडी घासता घासता उठून शेंगदाण्याच्या चटणीची वाटी द्यायला वर आल्या. वाटी टेबलावर ठेवताना त्यांनी ओला हात आधाराला कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर टेकवला.

"आई गं!"

वाटी उडाली, चटणी भिंतीपर्यंत गेली. काकू हात छातीशी धरून खुर्चीत बसल्या. शॉक जोराचा नव्हता, नुसता झणका होता, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला त्या क्षणी जी लाज वाटली तिला तोड नाही.

काका वर आले. आधी काकूंची नाडी बघितली, पाणी दिलं. मग प्लग ओढून हातात घेतला, फिरवून बघितला. ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. ते ओरडले नाहीत.

"भुंगा गेला न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "त्याला जायची वाट तुम्ही बुजवली. मंग तो डब्यात बसून राहिला, कुणाचा तरी वला हात यायची वाट बगत."

मी म्हटलं, "चुकलं काका."

"तुमचं चुकलं हे तर दिसून राहिलं. पर भुंगा हाये कुठला, हे मला घावंना, ते मपलं चुकलं."

ते खाली गेल्यावर मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. चांगलंच होतं. पाठवलं असतं तर काम मिळालं असतं, हे मला आजही वाटतं. भिंतीवरची चटणी पुसून झाल्यावर मी ते पुसून टाकलं. यात मोठेपणा काही नाही. त्या आवाजाखाली मला सारखं "आई गं" ऐकू येत होतं, दुसरं काही नाही.

बुधवारी सकाळी काका माझी भुंग्याची वही घेऊन ओट्यावर बसले. महिनाभराच्या नोंदी. बोटानं एकेक ओळ वाचत होते. "ह्या दिशी न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिशी न्हाई. मंग बारीक. मंग मोठा. मंग पाच-सा दिस मोठाच. मंग पुन्यांदा न्हाई." काकू शेजारी बसून कोथिंबीर निवडत होत्या. आदल्या दिवशीचा झणका त्या विसरल्याही होत्या.

"कोनत्या तारखा म्हन्ले?" त्यांनी मधेच विचारलं.

काकांनी 'नाही'च्या तारखा वाचल्या.

"ह्या तर नळाच्या तारखा हायत," काकू म्हणाल्या.

आमच्या दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. काकूंनी घरातून दिनदर्शिका आणून समोर टाकली. नळ आला की त्या तारखेभोवती गोल काढायची त्यांची सवय होती. प्रत्येक गोलापासून वहीतलं 'नाही' सुरू होत होतं. नळ आला की माझा भुंगा जायचा. मग जसजसे दिवस कोरडे जात, तसतसा तो फुगत जायचा.

काका दिनदर्शिकेकडं बघत राहिले. मग एकदम उठले, खुरपं घेतलं आणि फाटकाशी असलेल्या नळाकडं गेले. मी मागोमाग. नळाच्या पाइपाच्या बुडाशी माती उकरायला लागले. वीतभर खाली लोखंडी पाइपाला गुंडाळलेली एक बारीक तांब्याची तार निघाली. ती भिंतीच्या कडेकडेनं वर, माझ्या खोलीकडं जात होती.

म्हणजे माझ्या खोलीची अर्थिंग नळाला बांधलेली होती. पुढचा सगळा पाइप केव्हाच बदलून प्लास्टिकचा झाला होता, लोखंडाचा एवढाच हातभर तुकडा जमिनीत राहिला होता. नळ आला की तिथं पाणी सांडायचं, माती ओली व्हायची. नळ गेला की कोरडी ठणठणीत. आणि दहा पावलांवर पितळी नरसाळ्याचा तो खड्डा, ज्याला काकांनी इतकी वर्षं अर्धी आंघोळ दिली, त्याच्याशी वरच्या खोलीचा काडीचाही संबंध नव्हता.

"हे कोनी केलं?" काकांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मी," काकू म्हणाल्या.

वरची खोली बांधली तेव्हा काका इस्लापूरला होते. वायरमननं विचारलं होतं, तार खड्ड्यापर्यंत न्यायची तर अंगण उकरावं लागेल, काय करू? "मी म्हन्लं, नळाला गुंडाळ अन् मोकळा हो. तुमच्या खड्ड्याचा मला तवाबी लई ताप हुता." त्या पदराशी चाळा करत होत्या. "मला काय म्हाईत, एवढं व्हईल म्हून."

काका उठले. खुरपं तिथंच ठेवून घरात गेले. दुपारी जेवले नाहीत. मी खाली गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडले होते. "तीन तालुक्यांच्या एक्स्चेंजा सांबाळल्या," ते भिंतीला म्हणाले, "लोकांच्या लग्नात घुसून शानपना केला. आन् मपल्याच घराची लाइन उगडी." मला वाटलं, संपलं आता. माझं कामही आणि काकांची रयाही. मला त्यांचीच जास्त काळजी वाटली, कारण मला निदान दुकान तरी होतं.

गुरुवारी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा खाली फरशी उचकटल्याचा आवाज आला. काका पंचा नेसून नरसाळ्याशेजारची फरशी काढत होते. "मास्तर, जाडी तार घिऊन या. तीस फूट. आन् नवा प्लग. जुना मी फेकलाय."

दोन दिवस आम्ही ते काम केलं. मी शिडीवर, काका खाली शिडी धरून, आणि वर काय करायचं ते खालून सांगणार. "एका टायमाला एकच" हे तारेच्या प्रत्येक खिळ्याला. शुक्रवारी दुपारी वरच्या खोलीची तार खड्ड्यातल्या तारेला जोडली गेली.

आता प्रश्न पाण्याचा. नळ येऊन अकरा दिवस झाले होते, कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली होती. टँकरचा पत्ता नव्हता. ड्रमाच्या तळाला तांब्या टेकत होता. खड्डा इतक्या उन्हाळ्यात भेगाळला होता, आणि काका दोन दिवस आंघोळीशिवाय होते. शनिवारी सकाळी ते बादलीभर पाणी घेऊन आले. आज अर्धी नाही, सगळी जमिनीला. ओतली. मातीनं ती गटकन गिळली, वर ओल दिसलीसुद्धा नाही.

मग काकू बाहेर आल्या. हातात पातेलं, त्यात तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं असं दोन दिवसांचं साठवलेलं पाणी. ते ओतलं. आत जाऊन धुण्याचं खळबळलेलं पाणी आणलं. "साबन चालतो का तुमच्या मातीला?" काका मान डोलावत राहिले. तेही ओतलं. शेवटी आल्या त्या मुठीत खडेमीठ घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. नरसाळ्यात मूठ सोडली आणि हात झटकून म्हणाल्या, "मुरू द्या आता. हलू नका कुनी."

दुपारी दोनला मी वर जाऊन ऐकलं. तीन पिना जागच्या जागी होत्या, आणि भुंगा नव्हता. मी रेकॉर्डिंगला बसलो. मधल्या काळात खाली काय झालं ते नंतर कळलं. भोंगा लावलेला भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी आला तर काका भर उन्हात अनवाणी धावत गेले आणि दोन्ही हात आडवे करून त्याच्या गाडीपुढं उभे राहिले. माझं वाचन संपेपर्यंत त्यांनी त्याला तिथंच धरून ठेवला, घरातला जुना पंखा, इस्त्री आणि एक चांगलं चालू घड्याळ त्याला देऊन.

चार वाजता मी नमुना पाठवला.

मग आठ दिवस काहीच नाही. चाकूरहून दोनदा फोन आला, बियाणं उतरलं होतं. मी बॅग अर्धी भरून ठेवली. नवव्या दिवशी सकाळी काका नरसाळ्याशी उभे असताना माझा मोबाइल वाजला आणि मी जिन्यावरूनच ओरडलो, "काका, झालं! घेतलं मला!"

काका बादली खाली ठेवून ताठ उभे राहिले. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. नमुना पसंत आहे, दोन शब्दांचे उच्चार सुधारावेत, संवाद थोडे सावकाश वाचावेत, पहिलं पुस्तक सोमवारी पाठवत आहोत.

"आन् आवाजाचं?"

"आवाजाचं काही नाही लिहिलं."

"भुंग्याचं?"

"नाही."

"खाली बारीक अक्षरात बगा काही."

"काका, खरंच काही नाही."

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, ओला हात पंचाला पुसून चष्मा लावला आणि मेल बोटानं वर-खाली करत स्वतः वाचला. दोनदा वाचला. त्यांचं तोंड हळूहळू पसरत गेलं.

"मास्तर, एवढी वर्सं लाइनी दुरुस्त केल्या. आज लाइन साफ हाय म्हून सांगायला कवा कुनाचा फोन आला न्हाई. यायचा तो तक्रारीचा. ज्या दिशी दिवसभर एक बी फोन न्हाई, त्या दिशी मी घरी यिऊन हिला म्हनायचो, आज गोड कर." आणि मग घराकडं तोंड करून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आगं ए! भाईर ये! पुन्याच्या लोकांनी आपल्याबद्दल एक अक्षर लिवलं न्हाई!"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. "मंग त्यात एवढं हसायला काय झालं?"

काका नुसते मोबाइल त्यांच्यापुढं धरून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकूंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं रवा भाजल्याचा वास अंगणात आला.